अश्विनी झोडणीला आली त्या वर्षी

भात कापायला आलं की आमच्या मार्गासनीच्या शिवाराला एक वास येतो. फुलोऱ्यातल्या इंद्रायणी भाताचा गोड वास, ज्याचं सगळे कौतुक करतात, तो नव्हे. हा नंतरचा. खाचरातलं पाणी आटलेलं असतं, चिखल वरून भेगाळलेला पण आतून अजून ओला असतो आणि उन्हानं पेंढा तापलेला असतो. त्या सगळ्याचा मिळून जरा कुबट, जरा गोडसर वास. परवा चेलाडी फाट्यावरून गाडी वेल्ह्याच्या रस्त्याला लागली आणि मी काच खाली केली, तर तो सरळ आत आला. ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, एसी चालूय." म्हटलं, "राहू दे थोडा वेळ."

मी थकले आहे. हे अलीकडे मला लपवावंसं वाटत नाही. निवृत्तीला थोडे महिने उरलेत. पुण्यातल्या संस्थेतली माझी प्रयोगशाळा रिकामी करायचं काम सुरू आहे, आणि या वासानं मला नेमकं ते एक वर्ष आठवलं, ज्या वर्षी मी पहिल्यांदा थकले होते. आधी दमायची, झोपले की दमणं जायचं. त्या वर्षीचं तसं गेलं नाही.

माझं काम काय, हे लोकांना सांगताना माझी नेहमी पंचाईत झाली. शरीरातल्या पेशीला बाहेरून सतत निरोप येत असतात. वाढ, थांब, साखर आत घे, आता मर. निरोप पेशीच्या पातळ आवरणावर येऊन थडकतो आणि तिथून तो आत पोहोचवायचं काम काही प्रथिनं करतात. एक दुसऱ्याला हात लावतं, दुसरं तिसऱ्याला, आणि हात लावताना प्रत्येकाचा आकार जरासा बदलतो. तो आकार नेमका कसा असतो, हे शोधायचं. उमेदीची बहुतेक वर्षं मी अशा एकाच प्रथिनावर घालवली. ते बिघडलं की 'थांब' हा निरोप आत पोहोचतच नाही आणि पेशी वाढत राहते. काही कर्करोगांत हेच होतं.

माझ्या वडिलांनी, अण्णांनी, यावर आपल्यापुरतं उत्तर काढलं होतं. पारावर कुणी विचारलं की सांगायचे, "आमची माई डोळ्यानं दिसत न्हाई असलं कायतरी बघती."

"मंग दिसतं का?"

"अजून न्हाई."

आणि हे ते अजिबात चेष्टेनं म्हणायचे नाहीत. पाऊस अजून आला नाही, म्हैस अजून व्याली नाही, तसंच ते होतं त्यांच्या लेखी.

प्रथिन इतकं बारीक असतं की साध्या भिंगाखाली ते दिसत नाही. त्याचे स्फटिक बनवायचे, साखरेच्या कणाहून लहान, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून आकार मांडायचा. स्फटिक होतीलच असं नाही. बहुधा होत नाहीत. मे महिन्यात स्वेटर घालून शीतखोलीत उभं राहायचं, प्रथिन गाळून गाळून शुद्ध करायचं, त्याचे थेंब काचेवर मांडायचे आणि आठवड्यानं बघायचं तर थेंबात नुसती साय धरलेली. पुन्हा पहिल्यापासून. माझे बरेच विद्यार्थी यात कंटाळून गेले. अश्विनी गेली नाही.

ती सारोळ्याची. नीरेच्या पुलाअलीकडे हायवेला तिच्या वडिलांचं मिसळीचं हॉटेल आहे. लहानपणापासून गल्ल्यावर बसल्यामुळे आपल्याला वाट बघायची सवय आहे, असं ती म्हणायची. "गाडी थांबेपर्यंत गिऱ्हाईक येत नाही मॅडम, आणि गाडी आपण हात केला म्हणून थांबत नाही." तिच्या हाताला यश होतं. बाकीच्यांच्या थेंबात साय धरायची, तिच्या थेंबात काहीतरी टोकदार चमकायचं. सहा वर्षांनी, गणपतीच्या आसपास, तिच्या एका थेंबात खरेखुरे स्फटिक आले. ते आम्ही परदेशातल्या मोठ्या यंत्राकडे पाठवले आणि तिथून जे ठिपके आले ते इतके स्वच्छ होते, की ती पडद्यासमोर बसून नुसती हसत राहिली. दुसऱ्या दिवशी पेढे आणले. मी म्हटलं, "अगं, अजून आकार मांडायचाय." ती म्हणाली, "मांडू की. आता कुठं जातोय तो."

आणि दिवाळीच्या तोंडावर अण्णा बांधावरून घसरले.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं, पण भात उभं होतं. धाकटा भाऊ संपत शिरवळला कंपनीत, त्याला रजा मिळेना. सगळ्यांचंच भात एकदम पिकलेलं, त्यामुळे मजूर मिळेनात. घरात एकटी सुरेखा, संपतची बायको. मी रजा टाकली. कित्येक वर्षांत टाकलेली ती पहिली मोठी रजा. सुरेखा म्हणाली, "ताई, तुमी अण्णांपाशी बसा, तेवढं लई झालं." पण अण्णांपाशी बसणं कापणीहून कठीण होतं. पडवीत खाट टाकलेली, तिथून त्यांना आमची खाचरं दिसायची. ते तिथूनच ओरडून सांगायचे कुठलं आधी धरायचं, कुठलं मागं ठेवायचं. म्हणून मी विळा घेतला आणि सुरेखाच्या शेजारची कापणीची पात धरली. पहिल्या दिवशी कंबर मोडली. तिसऱ्या दिवशी हात आपोआप चालायला लागला आणि डोक्यात काही उरेना. फार बरं वाटलं. वाटलं, संस्थेतल्या बैठका, अहवाल, 'याचा समाजाला उपयोग काय' म्हणून दरवर्षी भरायची ती पानं, सगळं त्या डोंगरापलीकडे राहिलंय.

मोबाईलला रेंज फक्त वरच्या बांधावर, करंजाच्या झाडाखाली यायची. दुपारी भाकरी खाऊन मी तिथं गेले. एका जुन्या मैत्रिणीची मेल होती. "पाहिलंस का?" आणि खाली एक दुवा.

त्या एवढ्याशा पडद्यावर चित्र उघडायला वेळ लागला. आधी वरचा भाग आला, मग मधला. रंगीत फितीच्या गुंडाळ्यांसारखं काढलेलं माझं प्रथिन. आपल्या घरातली मुलगी अचानक परक्याच्या लग्नाच्या फोटोत दिसावी, तसं मला झालं. मी लगेच ओळखलं. परदेशातल्या एका गटानं आमच्या आधी आकार मांडून छापला होता. मी शेवटपर्यंत वाचलं. काम चांगलं होतं, स्वच्छ होतं, नावं ठेवायला कुठं जागा नव्हती. तीच गोष्ट सगळ्यात जड गेली.

अश्विनीला फोन लावला. तिनं आधीच वाचलं होतं. "हो मॅडम," एवढंच म्हणाली आणि ठेवला. नंतर फोन लागेना. प्रयोगशाळेत विचारलं, ती आलेली नाही. होस्टेलवर विचारलं, सामान न घेताच गेली. या मुलींच्या मनात काय काय येऊ शकतं, हे आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. सारोळ्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. मी अंधार पडेपर्यंत भात कापत होते आणि दर थोड्या वेळानं करंजाखाली जाऊन येत होते. सुरेखा बघत होती, पण तिनं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात मोटरसायकल थांबली. पुढे एक उंच, करड्या मिशांचा माणूस, मागे अश्विनी. ती उतरली आणि खाली बघत उभी राहिली. तिच्या वडिलांनी मला हात जोडले.

"मॅडम, पोरगी जेवत न्हाई. बोलत बी न्हाई. कुनी काय म्हनलं का तिला तिकडं?"

"नाही हो. कुणी काही नाही म्हणालं."

"मंग?"

मी त्यांना पडवीत बसवलं. सुरेखानं चहा टाकला. मी सांगायचा प्रयत्न केला. आम्ही जे शोधत होतो, ते दुसऱ्या लोकांनी आमच्या आधी शोधलं.

"हिचं चोरलं?"

"नाही. त्यांनी त्यांचं त्यांचं केलं. तेही तेवढीच वर्षं राबले असतील."

"लबाडी केली न्हाई?"

"नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. "आवघडंय," म्हणाले. "लबाडी केली आसती तर दोन शिव्या दिल्या आसत्या. आता रागवायचं तरी कुनावर?"

मग ते उठले. "चार दिवस ऱ्हाऊ द्या तिला तुमच्यापाशी. आमच्यात तिला काय बोलावं ते कुनालाच समजंना." आणि गेले. हॉटेल उघडं टाकून आले होते.

अश्विनी राहिली. सुरेखानं तिला आपली जुनी साडी आणि वर घालायला संपतचा सदरा दिला. ती काही न बोलता आमच्या मागोमाग खाचरात उतरली. कापणीची सवय तिला माझ्याहून जास्त होती. आमची कापणी संपली, बरेचसे भारे खळ्यावर आले आणि झोडणी सुरू झाली. लाकडी बाकावर भाताची पेंढी आपटायची, दाणे खाली पडतात. अश्विनीनं पहिली पेंढी उचलली आणि अशी काही आपटली, की आम्ही दोघी बघतच राहिलो. दुसरी त्याहून जोरात. तिसरी. दात ओठात रुतलेले, कपाळावर कोंडा चिकटलेला.

"आगं बाय, हळू," सुरेखा म्हणाली. "दाणं पार रस्त्यावर चाल्लेत. कोंबड्यांची दिवाळी झाली."

अश्विनी थांबली. खरंच दाणे खळ्याबाहेर लांबवर उडाले होते. ती बघत राहिली आणि एकदम खाली बसून रडायला लागली. सुरेखा तिच्याजवळ गेली नाही. ती शांतपणे सूप घेऊन लांब उडालेले दाणे गोळा करायला लागली. मीही गेले. रडणाऱ्या माणसाला कधी कधी एकटं सोडावं लागतं, पण नजरेच्या टप्प्यात.

त्या दिवशी दुपारी अण्णांनी तिला खाटेजवळ बोलावलं. काय झालंय ते त्यांना थोडंफार कळलं होतं.

"पोरी, तुजं नेमकं काय गेलं?"

तिनं विचार केला. "सहा वर्षं, आजोबा."

मला वाटलं, आता अण्णा काहीतरी समजुतीचं सांगतील. भाताचं, पावसाचं, पुन्हा पेरण्याचं. मी मनातून चिडायची तयारी ठेवली होती. पण अण्णा मोडक्या पायावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "लई झाली गं."

बास. एवढंच. आणि तिनं त्यांच्या पायथ्याशी बसून त्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर भाकरी खाल्ली.

पुढच्या दिवशी आभाळ भरलं. अजून एका खाचराचं कापलेलं भात उघड्यावर पसरलेलं होतं. आम्ही तिघी धावलो. अण्णा खाटेवरून ओरडत होते, "खालचं आदी! खालचं आदी उचला, वरचं ऱ्हाऊ द्या!" आम्ही भारे बांधत होतो, डोक्यावर घेऊन पळत होतो, ताडपत्री ओढत होतो. मध्येच माझ्या लक्षात आलं, अण्णांचा आवाज येईनासा झालाय. वळून बघितलं तर ते दोन्ही हात खाटेच्या माच्यावर टेकवून उठायचा प्रयत्न करत होते, आणि जमत नव्हतं. मग ते तोंड फिरवून भिंतीकडे बघत राहिले. माझ्या आयुष्यात मी अण्णांना कामाकडे पाठ करून बसलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

अर्धं आलं, अर्धं भिजलं. पाऊस फार वेळ नव्हता, पण पुरेसा होता. नंतर उन्हात ते पसरवताना अश्विनीनं विचारलं, "मॅडम, मी सोडून देऊ का?"

भिजलेल्या पेंढीतून वाफ येत होती. माझ्याकडे उत्तर असायला हवं होतं. मी तिची मार्गदर्शक होते, त्या पदाचा पगार घेत होते. पण गेले कित्येक दिवस मी स्वतःलाही हेच विचारत होते.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

ती उसळली. "तुम्हाला नाही माहीत? मग कुणाला माहीत असणार?"

"खरंच नाही माहीत, अश्विनी. मीही सोडावं का, याच विचारात आहे."

तिनं हातातली पेंढी उलटी करून पसरली. "एकदम दोघींनी नको सोडायला," ती म्हणाली. "ठिपके वाया जातील." आणि ती किंचित हसली. तिचं ते हसणं मला आवडलं नाही. तिच्याहून फार मोठ्या बाईचं हसणं होतं ते.

आम्ही परत आलो. ठिपक्यांवरून आकार मांडला. निघालं असं, की त्या लोकांनी जे प्रथिन पाहिलं होतं ते जागं होतं, निरोप पुढे द्यायला तयार असलेलं. आमचं झोपलेलं होतं, स्वतःचाच हात अंगाखाली घेऊन. दोन्ही चित्रं शेजारी ठेवली की ते जागं कसं होतं याचा अंदाज येत होता. हे काही कमी नव्हतं. पण पहिलं ते पहिलं. आमचा लेख एका मध्यम नियतकालिकात आला, थोड्या लोकांनी वाचला. अश्विनीला डॉक्टरेट मिळाली. परदेशातून बोलावणं आलं, ते तिनं नाकारलं आणि भोरच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. मी पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, "मॅडम, मला आता न दिसणाऱ्या माणसांबरोबर शर्यतीत पळायचं नाही." मला फार वाईट वाटलं होतं. इतका चांगला हात, आणि तो पहिल्या वर्षाच्या पोरांना कांद्याची साल भिंगाखाली दाखवणार.

अण्णा काठी घेऊन चालायला लागले, पण पुन्हा खाचरात उतरले नाहीत. काही वर्षांनी गेले. मी काम करत राहिले. सोडलं नाही, सोडण्याचा निर्णय घ्यायलाही जी ताकद लागते, ती कुठल्या तरी अहवालात खर्च झाली असावी.

गेल्या उन्हाळ्यात नव्यानं आलेल्या एका विद्यार्थिनीनं मला उत्साहानं बोलावलं. संगणकाला नुसता प्रथिनातल्या घटकांचा क्रम द्यायचा, तो आकाराचा अंदाज सांगतो. तिनं आमचंच प्रथिन दिलं होतं. चहा संपायच्या आत आकार पडद्यावर आला. तिनं तो अश्विनीनं मांडलेल्या आकारावर ठेवून दाखवला. जवळजवळ तंतोतंत. "बघा ना मॅडम, किती बरोबर!" ती म्हणाली. बिचारीला काय माहीत. मी म्हटलं, "छान आहे," आणि ते खरंच छान होतं. असल्या यंत्रांना शिकवायला आमच्यासारख्यांनीच वर्षानुवर्षं मांडलेले आकार वापरलेत, हेही मला ठाऊक होतं. त्यानं समाधान व्हायला हवं होतं. मी शीतखोलीत गेले आणि स्वेटर न घालता जरा वेळ उभी राहिले.

प्रयोगशाळा रिकामी करताना जुना सूक्ष्मदर्शक कुणाला हवा का, असं विचारलं तेव्हा अश्विनीचा फोन आला. संस्थेनं होकार दिला. परवा मी त्यासाठीच निघाले होते. मार्गासनीला मुक्काम केला आणि काल यंत्र घेऊन भोरला गेले. अश्विनीला चष्मा लागलाय, केस पुढून पांढरे झालेत. तिच्या कॉलेजातली प्रयोगशाळा म्हणजे एक लांब खोली आणि खिडकीत सुकत ठेवलेल्या काचेच्या नळ्या. मुलींनी कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्या बलकातून एक प्रथिन वेगळं काढून त्याचे स्फटिक केले होते. जगात सगळ्यात सोपे, सगळ्यांनी केलेले. सूक्ष्मदर्शक मांडला तशी रांग लागली. एक मुलगी वाकून बघत ओरडली, "मॅडम, ह्याला कोपरं हायत! समदी सारखी!" मागची म्हणाली, "सरक की गं, मला बघू दे." दोघींची ढकलाढकली झाली, अश्विनी रागावली.

मीही पाहिलं. सुंदर होते.

"यात नवं काही नाही," अश्विनी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली. "सगळ्यांनी आधीच केलेलं आहे. म्हणून मला हे इतकं बरं वाटतं."

इतकी वर्षं मी तिच्यासाठी हळहळत होते. तिच्याकडे बघून वाटलं, त्या हळहळीची तिला कधी गरजच पडली नसावी. माझीच होती ती.

भोरहून मी मार्गासनीला परतले तेव्हा दुपार कलली नव्हती. सुरेखा खळ्यावर होती, संपतनं रजा काढली होती, शेजारचे दोघं मदतीला आलेले. आता मळणीचं यंत्र भाड्यानं आणतात, त्याचा आवाज शिवारभर घुमत होता. मी म्हटलं, "मी पण लागते." सुरेखा म्हणाली, "पयलं पाणी प्या, जरा टेका." मी नव्या पेंढ्याच्या ढिगाला पाठ टेकली. ऊन पायावर होतं, डोकं सावलीत. यंत्र एका सुरात चाललं होतं. पाच मिनिटांत उठू, असं ठरवलं.

जाग आली तेव्हा यंत्र बंद होतं. खळं झाडून झालेलं, पोती भिंतीला लागलेली, शेजारी निघून गेलेले. डोंगराआड सूर्य उतरत होता. माझ्या केसांत कोंडा होता आणि पायावर कुणीतरी रिकामं पोतं पांघरलेलं होतं. सुरेखा चुलीसाठी काटक्या मोडत बसली होती.

"अगं, मला उठवलं का नाहीस?" मी ओशाळून म्हटलं. "सगळं काम तुम्हीच केलंत."

"दोनदा हाक मारायला आल्ते," ती म्हणाली. "तुमी घोरत व्हता. ह्ये म्हनले, झोपू दे. काम काय, झालं की."